विजोड मापाच्या आईबापांची पिल्ले: डोके एकाचे, पाय दुसऱ्याचे, असे का?

सांजवात (धागाकर्ती)

जर्मन शेफर्डचे भारदस्त डोके, ताठ कान, रुंद छाती आणि या सगळ्याखाली वीतभर पाय, अशा कुत्र्यांची छायाचित्रे अधूनमधून फिरत असतात आणि ‘संगणकावर जोडलेले दिसते’ असा शेरा त्यांवर हमखास येतो. आमच्या घरी असाच एक कुत्रा आहे. ज्या संस्थेकडून आम्ही त्याला दत्तक घेतले, तिच्या नोंदीप्रमाणे त्याची आई जर्मन शेफर्ड आणि बाप आखूड पायांचा कॉर्गी. तो बसलेला असला की पूर्ण वाढीचा शेफर्ड वाटतो. उठून चालू लागला तरी उंचीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे नवीन माणूस दोनदा वाकून पाहतो.

मला पडलेला प्रश्न असा, की आई तीस किलोच्या घरातली आणि बाप बारा किलोचा असेल, तर पिल्लू सर्वांगाने मधल्या मापाचे का होत नाही? हस्की आणि पॉमेरेनियन यांची पिल्ले पाहिली तर ती खरोखरच मध्यम चणीची दिसतात, पण लॅब्राडोर आणि डॅशहुंड यांच्या पिल्लांत मात्र धड एकाचे आणि पाय दुसऱ्याचे असा प्रकार दिसतो. या फरकामागे काही नियम आहे का? शिवाय अशा विजोड बांध्याचा पुढे प्राण्याला त्रास होतो का, हेही जाणकारांनी सविस्तर लिहावे. ‘किती गोड’ एवढ्यावर धागा संपू नये, अशी विनंती आहे.

मिताक्षरी

किती गोड! (आता राहवत नाही. पुढचे जाणकारांनी लिहावे.)

जनुकविहारी

धागाकर्तीच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. आपण ‘आकार’ असा एकच शब्द वापरतो, पण शरीराच्या दृष्टीने त्यात निदान दोन निरनिराळ्या गोष्टी येतात: एकूण चण, आणि हातापायांच्या हाडांची लांबी. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जनुकांवर अवलंबून असतात आणि त्यांची वागण्याची रीतही वेगळी आहे.

आधी चण घेऊ. २००७ साली पोर्तुगीज वॉटर डॉग या जातीतल्या लहान आणि मोठ्या कुत्र्यांची तुलना करताना पंधराव्या गुणसूत्रावरचे आयजीएफ१ हे वाढीशी संबंधित जनुक संशोधकांच्या हाती लागले. त्याचे एक विशिष्ट रूप जवळजवळ सर्व लहान जातींत आढळते आणि अतिविशाल जातींत ते बहुधा नसतेच. मौज अशी, की २०२२ साली याच जनुकाच्या नियंत्रणाशी निगडित बदल शोधताना लहान चणीचे रूप सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या सैबेरियन लांडग्याच्या अवशेषांतही सापडले. म्हणजे लहान कुत्रे घडवणारा कच्चा माल माणसाने कुत्रा पाळण्याच्या कितीतरी आधीपासून लांडग्यांत होता. माणसाने तो नंतर निवडून वापरला. तरीही हे एक जनुक म्हणजे सारे काही नव्हे. कुत्र्यांच्या चणीतला सुमारे १५ टक्के फरक त्याच्या वाट्याला येतो, आणि उरलेल्या फरकात जीएचआर, एचएमजीए२, एसटीसी२ अशा अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. इतक्या जणांनी मिळून ठरवलेली गोष्ट पिल्लात साहजिकच मधोमध कुठेतरी येते. हस्की-पॉमेरेनियन पिल्ले मध्यम का दिसतात, याचे उत्तर हे.

पायांचे मात्र तसे नाही. कॉर्गी, डॅशहुंड, बॅसेट हाउंड यांच्या अठराव्या गुणसूत्रावर एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत बसलेली आहे, हे २००९ साली उघड झाले. या जादा प्रतीमुळे हाताच्या आणि पायाच्या लांब हाडांची वाढ लवकर थांबते. कवटी आणि धड यांवर तिचा फारसा परिणाम होत नाही. ही प्रत आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आली तरी पुरते, कळ दाबली की दिवा लागावा तसे. शुद्ध कॉर्गीकडे तिच्या दोन प्रती असतात, म्हणून त्याच्या प्रत्येक पिल्लाला एक मिळतेच, मग आई शेफर्ड असो, हस्की असो की लॅब्राडोर. धड मधल्या मापाचे, डोक्याची ठेवण आईकडे झुकलेली, आणि पाय सरळसरळ बापाचे, असा तुमचा कुत्रा घडला तो यामुळे.

हस्कीपालक

उत्तम प्रतिसाद, पण एक शंका आहे. माझ्याकडे हस्की-पॉमेरेनियन मिश्रणाची मादी आहे आणि तिच्याच वेतातला भाऊ माझ्या मेहुण्याकडे आहे. भाऊ तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा आहे. त्याचा चेहरा लांबट, हस्कीसारखा आहे, तर हिचे तोंड कोल्ह्यासारखे निमुळते असून अंगावर पॉमेरेनियनची दाट झूल आहे. दोघांनाही एकच आई आणि एकच बाप. मग ‘मधोमध येते’ हा नियम कुठे गेला?

जनुकविहारी

@ हस्कीपालक, तुमच्या मादीचे आईबाप शुद्ध हस्की आणि शुद्ध पॉमेरेनियन होते, की ते स्वतःच मिश्र होते, हे एकदा विचारून घ्या. सगळी गोम तिथे आहे.

शुद्ध जातीत आकाराची जनुके बहुतेक ठिकाणी दोन्ही प्रतींत सारखीच असतात. त्यामुळे शुद्ध हस्कीच्या प्रत्येक पिल्लाला आईकडून जवळपास एकच माल मिळतो, पॉमेरेनियन बापाकडूनही तसेच, आणि पहिल्या पिढीतली भावंडे चणीने बऱ्यापैकी एकमेकांना धरून असतात. पण अशी दोन मिश्र कुत्री आपसांत लावली, की दुसऱ्या पिढीत पत्ते नव्याने पिसले जातात: एकाच वेतात एक पिल्लू आजीसारखे थोराड, दुसरे आजोबांसारखे मूठभर, आणि बाकीची मधली. विक्रेते ‘दुसऱ्या पिढीचे, म्हणून अधिक स्थिर’ असे सांगून जास्त पैसे घेतात, तेव्हा वस्तुस्थिती नेमकी उलट असते. अनेक पिढ्या काटेकोर निवड केल्याशिवाय स्थिरता येत नाही.

निळ्या डोळ्यांबद्दलही येथेच लिहितो, कारण या मिश्रणाचा अर्धा बाजार त्यांवर चालतो. हस्कीचे निळे डोळे अठराव्या गुणसूत्रावर एएलएक्स४ या जनुकाजवळच्या द्विरावृत्तीशी (एक तुकडा दोनदा लिहिला जाण्याशी) निगडित आहेत, असे २०१८ साली दाखवले गेले. एक प्रत असली तरी डोळे निळे होऊ शकतात, पण होतीलच असे नाही. त्यामुळे एकाच वेतात दोन्ही डोळे निळे, एकच निळा आणि दोन्ही तपकिरी अशी पिल्ले निघणे स्वाभाविक आहे.

शंकेखोर

मूळ मुद्दा कोणी विचारायला धजत नाही, म्हणून विचारतो. ही जुळणी होते तरी कशी? कॉर्गीने शेफर्ड मादीपर्यंत पोहोचायचे म्हणजे काय!

गुरांचा डॉक्टर

पोहोचतो. माजावर असलेली मादी तयार असली तर ती मागचे अंग खाली करते, पायरी किंवा उतार असला तरी काम भागते, आणि कधी कधी दोघे आडवे होऊनही जुळणी होते. ‘नर एवढासा आहे, काही होणार नाही’ या भरवशावर माजावरची मादी आणि वयात आलेला नर एका अंगणात सोडणारे लोक दोन महिन्यांनी दवाखान्यात येतात. सरासरी ६३ दिवसांचा गर्भकाळ कोणाच्या भरवशासाठी थांबत नाही. मुद्दाम केलेल्या विजोड संकरांत मात्र बहुतेक वेळा कृत्रिम रेतन असते.

यापुढचे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण या धाग्यावर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘मोठे कोण, आई की बाप’ हा आहे आणि तो अजून आलेला नाही.

मादी मोठी आणि नर लहान असेल, तर निसर्ग बरेच सांभाळून घेतो. पिल्लू जन्मताना किती मोठे असेल हे केवळ त्याच्या जनुकांवर ठरत नाही. आईचे गर्भाशय आणि वार यांच्या कुवतीवरही ठरते. याचा गाजलेला दाखला घोड्यांचा आहे. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर घोडा आणि बुटका शेटलँड यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर आईच्या पोटची शिंगरे जन्मतः शेटलँड आईच्या पोटच्या शिंगरांच्या जवळपास तिप्पट वजनाची होती, आणि तरीही दोन्हीकडे रक्ताचे मिश्रण तेच होते. आई स्वतःच्या मापाने पोटातल्या वाढीला लगाम घालते, तो असा.

मग लहान कुत्रीला मोठा नर लागला तरी चालेल, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. लगाम असतो, पण तो पुरा पडेलच असे नाही. लहान चणीच्या मादीत बीजे थोडी सुटतात, त्यामुळे पोटात एक किंवा दोनच पिल्ले असतात, आणि एकुलत्या पिल्लाला जागा व रक्तपुरवठा दोन्ही जास्त मिळून ते अधिकच पोसते. त्यात बापाकडून मोठे डोके आलेले असेल तर ते कटीच्या हाडांत अडकते. अशी अडलेली कुत्री टेबलावर येते तेव्हा तिचे चित्र ठरलेले असते: ती थरथरत असते, कण्हत असते, मागे वळून पुन्हा पुन्हा तेच अंग चाटत असते, आणि हिरवट-काळा स्राव सुरू झालेला असतो, पण पिल्लाचा पत्ता नसतो. पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसणे म्हणजे वार सुटू लागली आहे, आणि जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल तर घरी थांबण्यात काहीही अर्थ नाही. त्यानंतर सिझेरियन हाच मार्ग उरतो, आणि उशीर झाला असेल तर पिल्लू आणि आई दोन्ही हातचे जातात.

ज्यांच्याकडे अशी चुकून जुळणी झाली असेल त्यांनी वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याला गाठावे. गर्भ थांबवण्याचे किंवा थेट नसबंदीचे पर्याय तेव्हा खुले असतात. गर्भ वाढवायचाच असेल तर पंचावन्नाव्या दिवसानंतर क्ष-किरण चित्र काढून डोक्यांची संख्या आणि माप पाहून ठेवावे. माझे स्पष्ट मत विचाराल तर चिवावा मादीला बीगलच्या मापाचा नर लावणे हा प्रयोग नव्हे, ती क्रूरता आहे.

मिताक्षरी

प्रतिसाद वाचून माझे ‘गोड’ घशात अडकले. धन्यवाद, डॉक्टर.

रानपाखरू

@ सांजवात, दत्तक देणाऱ्या संस्थेची नोंद कितपत खात्रीची आहे? आईची ओळख सहसा पक्की असते, पण बापाची बरेचदा अंदाजाने लिहिलेली असते. कुत्रीच्या शरीरात नराचे बीज पाच-सात दिवस टिकू शकते आणि तिच्या बीजांना पक्व व्हायलाही सुटल्यानंतर साधारण दोन दिवस लागतात. त्या काळात दोन नर आले, तर एकाच वेताच्या पिल्लांचे बाप दोन असू शकतात. हस्कीपालकांच्या बहीणभावांतला दुपटीचा फरक यामुळेही पडू शकतो.

दुसरे असे, की नुसत्या दिसण्यावरून बाप ओळखणे हा खेळ फार फसवा आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोनच जातींचा संकर करून पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला होता. १९६५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातली काही पिल्ले दोन्ही जातींसारखी मुळीच दिसत नव्हती, आणि दुसऱ्या पिढीतली तर एकमेकांसारखीही नव्हती. एखाद्याने ती रस्त्यात पाहून तिसऱ्याच जातींची नावे सांगितली असती. फक्त आखूड पाय हे लक्षण त्यातल्या त्यात विश्वासार्ह, कारण ते लपून राहत नाही.

शंकेखोर

या सगळ्यात मला एक मूलभूत अडचण दिसते. झ्यूस नावाचा ग्रेट डेन खांद्याला १११.८ सेंटीमीटर भरला होता आणि मिली नावाची चिवावा अवघी ९.६५ सेंटीमीटर. दोन्ही नोंदी गिनीजच्या आहेत. इतक्या अंतरावरचे प्राणी एकाच प्रजातीचे कसे म्हणायचे?

जनुकविहारी

दोघांच्याही पेशींत ७८ गुणसूत्रे आहेत, दोघांची बीजे जुळतात आणि होणारी पिल्ले पुढे प्रजननक्षम असतात. अडसर आहे तो केवळ यांत्रिक. मधल्या मापाचे सगळे कुत्रे उद्या नाहीसे झाले आणि फक्त ही दोन टोके उरली, तर त्यांच्यातली देवाणघेवाण थांबेल आणि फार दीर्घ काळाने त्यांच्या वाटा वेगळ्या होऊ शकतील, हा मुद्दा जीवशास्त्रात गंभीरपणे मांडला जातो. आज मात्र टेरियर, बीगल, कॉली अशा पायऱ्यापायऱ्यांनी जनुके या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ शकतात. यावर वेगळा धागा काढावा. येथे अवांतर होईल.

चौकस

मला आरोग्याच्या मुद्द्यावर परत यायचे आहे. ‘मिश्र रक्त म्हणजे दणकट’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्यात तथ्य किती?

गुरांचा डॉक्टर

अर्धे. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली २७,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २४ आनुवंशिक विकारांची तुलना केली. त्यांपैकी १० विकार शुद्ध जातींत अधिक आढळले, एक, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचा विकार, मिश्र कुत्र्यांत अधिक आढळला, आणि उरलेल्या १३ विकारांत फरक नव्हता. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ साली कॉकापू, कॅव्हापू आणि लॅब्राडूडल या पूडलच्या लोकप्रिय संकरांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ विकारांबाबत तुलना केली, तेव्हा जवळपास ८७ टक्के तुलनांत काहीच फरक निघाला नाही. तेव्हा ‘मिश्र आहे, आजारी पडणार नाही’ असे सांगून कोणी पिल्लू विकत असेल तर त्या वाक्याचे पैसे देऊ नयेत.

विजोड मापाच्या संकरांत आणखी एक भर पडते, ती म्हणजे बांध्यातली विसंगती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात चार्ल्स स्टॉकार्ड यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत अगदी टोकाच्या जाती एकमेकींत मिसळून पाहिल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर, १९४१ साली ते काम प्रसिद्ध झाले. बॅसेट हाउंड आणि जर्मन शेफर्ड यांच्या पिल्लांचे पाय आखूडच निघाले, म्हणजे धागाकर्तीचा कुत्रा एका अर्थाने तेव्हाच पाहून झालेला आहे. बुलडॉगसारख्या आखूड तोंडाच्या जाती मिसळल्यावर वरचा जबडा एका मापाचा आणि खालचा दुसऱ्या मापाचा, असेही प्रकार पुढच्या पिढीत निघाले. या सगळ्याचे कारण अंतःस्रावी ग्रंथींत आहे ही त्यांची मांडणी आज टिकलेली नाही. निरीक्षणे मात्र उपयोगाची आहेत. म्हणून अशा पिल्लाचे दुधाचे दात पडून कायमचे येईपर्यंत दर भेटीत तोंड उघडून पाहावे: सुळा टाळूत रुतत नाही ना, दाटीमुळे दुधाचा दात तसाच अडकून राहिला नाही ना.

आखूड पायांबाबत खरी काळजी पायांची नसून पाठीची आहे. एफजीएफ४ ची आणखी एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर असते, ती २०१७ साली सापडली, आणि तिच्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक होऊ लागतात. डॅशहुंड आणि कॉर्गी यांच्यात ती सर्रास असते आणि धोक्यासाठी तीही एकच पुरते. आता त्या पाठीवर कॉर्गीचे बारा किलो नव्हे, तर शेफर्डकडून आलेल्या धडाचे वीस-बावीस किलो येतात. गाडीतून उडी, पलंगावरून उडी, जिन्याची धाव हे सगळे टाळावे, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, आणि वजन एक किलोनेही वाढू देऊ नये. पाठ कमानीसारखी धरणे, उचलताना कळवळणे, मागचे पाय ओढत चालणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

हस्कीपालक

मग अशी मिश्रणे मुद्दाम करण्याचे समर्थन कसे करता येईल?

रानपाखरू

सरसकट करता येत नाही, पण सरसकट निषेधही मला पटत नाही. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि मोठ्या पूडलचा संकर केला, तो हवाईतल्या एका दृष्टिहीन स्त्रीसाठी. तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचे वावडे होते. त्या वेताच्या तीन पिल्लांपैकी एक उपयोगी ठरले. हेतू स्पष्ट होता आणि दोन्ही जाती उंचीने जवळपासच्या होत्या. पुढे ‘छोटी आवृत्ती’ हवी म्हणून गोल्डन रिट्रीव्हरला बुटका पूडल लावण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा हेतूच्या जागी हौस आली. खुद्द कॉनरन यांनी नंतर या लाटेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. अपघाताने जन्मलेल्या पिल्लांना घर देणे आणि अपघात विकण्यासाठी घडवणे यांत मी फरक करते.

सांजवात (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, त्यामुळे पुढच्या पिढीचा प्रश्न उद्भवत नाही. पण दोन शंका राहिल्या. एक, वाढ पूर्ण कधी होते आणि खाणे कोणत्या मापाच्या कुत्र्याचे द्यावे? दोन, बाराव्या गुणसूत्रावरच्या त्या प्रतीची चाचणी करून घ्यावी का?

गुरांचा डॉक्टर

लहान जातींची हाडे सहा ते आठ महिन्यांत पक्की होतात, मोठ्या जातींना बारा ते अठरा महिने लागतात. मिश्र पिल्लाबाबत उशिराचा आकडा धरून चालावे, म्हणजे तोवर लांब पळवणे आणि उड्या मारायला लावणे टाळावे. खाण्याचा हिशेब पायांच्या लांबीवरून न करता अपेक्षित वजनावरून करावा. पूर्ण वाढीचे वजन २५ किलोच्या आसपास जाणार असेल तर मोठ्या जातींच्या पिल्लांचे, कॅल्शियम मर्यादित असलेले खाद्य योग्य, आणि वरून कॅल्शियमच्या गोळ्या अजिबात देऊ नयेत.

बाराव्या गुणसूत्राच्या चाचणीने तुमच्या हाती नवे काही लागणार नाही. बाप कॉर्गी असेल तर ती प्रत आहे असेच धरून पाठ सांभाळायची आहे, अहवाल काहीही येवो. पैसे खर्च करायचेच असतील तर एमडीआर१ या जनुकातल्या दोषाची चाचणी करून घ्या. हा दोष कॉली गटात सर्वाधिक असला तरी जर्मन शेफर्डमध्येही आढळतो, आणि तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची मोठी मात्रा किंवा काही भुलीची औषधे बाधू शकतात. निकाल दवाखान्याच्या कागदावर ठळक लिहून ठेवायला सांगा, म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले तरी तो त्यांच्या नजरेस पडेल.